खाज आहे की नुसतेच केस गेलेत?

गिनीपिगच्या कातडीबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: 'केस गळतायत, काय लावू?' उत्तर द्यायचं तर आणखी तीन गोष्टी कळायला हव्यात. प्राणी खाजवतोय का, सुरुवात अंगावर नेमकी कुठून झाली, आणि केस गेलेल्या जागी कातडी नितळ आहे की खपल्या धरल्यात. एवढं कागदावर लिहून नेलंत तर डॉक्टरांचंही निम्मं काम होतं. हे कळण्याआधी लावलेलं मलम मात्र बरेचदा पुरावाच पुसून टाकतं.

माझा नर दोन वर्षांचा आहे. महिनाभर खांदे आणि पाठ सारखी खाजवतो. तिथले केस गेले, पिवळट जाड खपली धरली. काल उचलायला गेले तर आडवा पडला आणि झटका आल्यासारखे पाय झाडायला लागला. डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, काही सापडलं नाही. मग ही अ‍ॅलर्जी समजायची का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलेलं सगळं चित्र खरजेचं आहे, आणि तपासणीत काही न सापडल्याने ती बाद होत नाही. ही खरूज ट्रिक्सॅकॅरस केव्हिए नावाच्या किड्याने होते. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीच्या आत बोगदे करून राहतो. खरवड उथळ पडली किंवा चुकीच्या जागची घेतली गेली तर तो हाती लागत नाही. चिकटपट्टी लावून घेतलेल्या नमुन्यात तर वरवरचंच काय ते येतं. म्हणून गिनीपिग नेहमी पाहणारे डॉक्टर अशा वेळी रिपोर्ट कोरा आला तरी खरजेचे उपचार सुरू करतात आणि दोनेक आठवड्यांत काय फरक पडतो ते बघतात. तुमच्या डॉक्टरांना हे सरळ विचारा.

झटक्याचं आधी. खाज इतकी असह्य असते की नुसता हात लागला, खपलीला धक्का बसला तरी झटका येऊ शकतो. अशा वेळी हात काढून घ्या, त्याला धरून ठेवू नका, तोंडात पाणी किंवा औषध घालू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, उजेड आणि आवाज कमी करा, झटका किती वेळ टिकला ते घड्याळावर बघा. जमलं तर मोबाइलवर चित्रण करून ठेवा, दवाखान्यात ते फार उपयोगी पडतं. झटका आलेल्या गिनीपिगला त्याच दिवशी दाखवायचं. अंघोळ, तेल चोळणं, खपल्या काढणं यातलं काहीही करू नका.

औषध दोनांपैकी एक असतं: आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किंवा मानेमागे कातडीवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब. या दोन्हींनी किडे मरतात, पण अंडी मरत नाहीत. अंड्यापासून पूर्ण किडा तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे नवे निघालेले किडे अंडी घालायच्या आत पुढचा डोस पडायला हवा. आयव्हरमेक्टिन सहसा ७ ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा देतात. खरूज 'परत आली' असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत पहिल्या डोसनंतर प्राणी बरा दिसला म्हणून दुसरा टळलेला असतो. दुसरी चूक म्हणजे फक्त खाजवणाऱ्यालाच औषध देणं. त्याच्याबरोबर राहणारे सगळे गिनीपिग, अंगावर खूण असो वा नसो, एकाच दिवशी उपचाराखाली आले पाहिजेत. एखादी मादी गाभण असेल किंवा तशी शंका असेल तर ते आधी सांगा.

आयव्हरमेक्टिन घरी आणून स्वतः देण्याबद्दल विचारणारी पत्रंही येतात. आमचं मत स्पष्ट 'नको' असं आहे, आणि का ते हिशेबावरून दिसेल. बाजारातलं सामान्य इंजेक्शन १ टक्क्याचं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. प्राणी ९०० ग्रॅमचा आणि डॉक्टरांनी ठरवलेला डोस किलोला ०.४ मिलिग्रॅम असेल, तर लागतात ०.३६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३६ मिलिलिटर. १ मिलिलिटरला शंभर घरं असलेल्या इन्सुलिनच्या बारीक सिरिंजवरही हे जेमतेम साडेतीन घरं भरतं. हात जरा चुकून ०.१ मिलिलिटर गेलं की डोस पावणेतीन पट. घोड्यांसाठीची पेस्ट खायला घालणं त्याहून वाईट, कारण नळीत औषध सगळीकडे सारखं मिसळलेलं असेल याची खात्री नसते.

सेलामेक्टिनचे थेंब केसांवर नाही, केस बाजूला करून थेट कातडीवर पडले पाहिजेत, आणि जागा सुकेपर्यंत सोबती वेगळे ठेवा म्हणजे एकमेकांना चाटणार नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत खाज वाढल्यासारखी वाटू शकते. मागच्या पायांची नखं डॉक्टरांकडूनच कापून घ्या, जखमा एकदम कमी होतात. वेदनाशामक मागायला संकोच करू नका. पिंजऱ्यातलं अंथरूण प्रत्येक डोसच्या दिवशी पूर्ण बदला, कापड गरम पाण्यात धुवा, सच्छिद्र लाकडी घर टाकूनच दिलेलं बरं. तुमच्या हातांवर किंवा पोटावर लाल खाजरे ठिपके उठले तर घाबरू नका. हा किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही, प्राणी बरा झाला की ठिपके जातात.

एक प्रश्न उरतो: आत्ताच का? हे किडे अंगावर असूनही कित्येक महिने काहीच दिसत नाही असं होतं. मग जागाबदल, नवा सोबती, गाभणपण, दुसरा आजार किंवा क जीवनसत्त्वाची कमतरता असं काहीतरी निमित्त होतं. म्हणून त्याच भेटीत वजन आणि दात तपासून घ्या.

दोन्ही कानांच्या मागे टक्कल आहे. खाज नाही. औषध हवं का?

नको. कानामागे नाण्याएवढी उघडी जागा प्रत्येक गिनीपिगला असते, गडद केसांच्या प्राण्यात ती जास्त उठून दिसते. तशीच आणखी एक फसगत म्हणजे पोटावरचे दोन 'चामखीळ': ते स्तनाग्र आहेत आणि नरालाही असतात.

नाकावर रुपयाएवढा गोल चट्टा आला, कडेने कोंडा सुटतो. आता डोळ्याभोवतीही पसरतोय. घरात असलेलं त्वचेचं मलम आठवडाभर लावलं, आधी बरं वाटलं, मग वाढलं. मुलीच्या दंडावर लाल कडं उठलंय. संबंध असेल का?

असण्याचीच शक्यता जास्त. नाक, डोळे, कान इथून सुरू होऊन मग पाठीकडे जाणारा, तुटक्या केसांचा, कोंडा सुटणारा गोल चट्टा म्हणजे गजकर्ण, म्हणजेच बुरशी. गिनीपिगमध्ये ती बहुतेक वेळा ट्रायकोफायटन गटातली असते आणि माणसाला लागते, लहान मुलांना आणखी सहज. मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या आणि घरात गिनीपिग आहे हे सांगायला विसरू नका.

मलमाची नळी उलटून मागचे घटक वाचा. घरोघरी सापडणाऱ्या मलमांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते म्हणून 'बरं वाटलं', पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळं होतं. ते आजच बंद करा.

निदानाबद्दल एक खबरदारी. निळसर-जांभळा दिवा मारून 'चमकत नाही, म्हणजे बुरशी नाही' असं कुणी म्हणालं तर मानू नका. त्या दिव्यात मुख्यतः मायक्रोस्पोरम जातीची बुरशी चमकते, ट्रायकोफायटन चमकत नाही. चट्ट्याच्या कडेचे केस आणि कोंडा घेऊन बुरशी वाढवून बघणं हाच खात्रीचा मार्ग, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर डॉक्टर उपचार सुरू करतात.

एकदोन चट्टे असतील तर फक्त मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोल असलेलं मलम पुरतं. हातमोजे घालून, चट्ट्याबाहेर एक सेंटिमीटरपर्यंत, कडेकडून मधे चोळत लावा. बाहेरून आत, कारण जिवंत बुरशी कडेला असते आणि मधून बाहेर चोळलं तर आपणच ती पसरवतो. लावल्यावर दहा मिनिटं मांडीवर टॉवेलात धरून पालेभाजीचं पान खायला द्या, तेवढ्यात औषध मुरतं. चट्टे पसरले असतील तर पोटातून औषध लागतं, ते वजनावर ठरतं. ग्रिसिओफुल्विन गाभण मादीला देत नाहीत, पिल्लांमध्ये दोष निर्माण होतात. केस परत आले म्हणून औषध थांबवू नका. तीन-चार आठवडे हा साधा काळ, कधी त्याहून जास्त.

खरी लढाई पिंजऱ्यात असते. बुरशीचे बीजाणू केसांवर आणि फटींत कित्येक महिने जिवंत राहतात. आधी प्राणी दुसऱ्या खोलीत हलवा. पिंजरा साबणाने घासून धुवा, कारण मळावर ब्लीच काम करत नाही. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ओलं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, वास गेल्यावरच प्राणी परत ठेवा. गिनीपिगच्या लघवीचा पांढरा थर बसला असेल तर तो आधी व्हिनेगरने काढून पाण्याने पूर्ण धुवून घ्या. लघवीवर किंवा व्हिनेगरवर ब्लीच पडलं की विषारी वायू सुटतो.

तीन वर्षांची मादी. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत, कातडी नितळ आहे, खाजवत नाही. स्तनाग्रांवर खपली आहे. सोबतिणीवर सारखी चढते, चिडचिड करते.

खाज नाही, दोन्ही बाजूंना आरशात पाहिल्यासारखं सारखं टक्कल, आणि वय तीन. हे कातडीचं दुखणं नाहीच, बीजाशयातल्या गाठींचं आहे. दीड-दोन वर्षांपुढच्या माद्यांत या पाण्याच्या गाठी फार आढळतात. मलमं, शाम्पू, किड्यांची इंजेक्शनं यात महिने घालवू नका, सोनोग्राफी करून घ्या. (मादी गाभण किंवा नुकती व्यालेली असेल तरी केस असेच विरळ होतात, तेवढं आधी बाद करायचं.)

गाठी दोन तऱ्हेच्या असतात. संप्रेरकं सोडणाऱ्या गाठींना संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी काही काळ उतार पडतो. दुसऱ्या तऱ्हेच्या गाठींना त्याने काहीच होत नाही. सुईने पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं. बीजाशय काढणं हाच कायमचा इलाज, पण शस्त्रक्रिया करणाऱ्याला गिनीपिगची सवय असली पाहिजे. किती केल्या, भूल कोणती देता, नंतर खात नसेल तर काय करता, हे तीन प्रश्न विचारा. शस्त्रक्रियेआधी गिनीपिगला उपाशी ठेवायला सांगणारा दवाखाना असेल तर दुसरा शोधा. या प्राण्याला उलटी होत नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर नवंच संकट.

दोघींपैकी एकीच्या पाठीचे केस मधेच कात्रीने कापल्यासारखे दिसतात.

सोबतीण कुरतडते आहे. डोकं आणि मान शाबूत असेल तर ती स्वतःचेही कुरतडत असू शकते, कारण तिथे तिचं तोंड पोहोचत नाही. वाळलेलं गवत दिवसरात्र भरपूर ठेवा, लपायच्या जागा दोन करा, प्रत्येक जागेला दोन दारं. बहुतेक वेळा कारण कंटाळा किंवा दाटी असतं.

केसांत पांढरे कण दिसतात. कोंडा की उवा?

कानामागचे किंवा पाठीचे केस वेगळे करा, चांगल्या उजेडात भिंग धरून अर्धा मिनिट बघत राहा. कण चालला तर ऊ. ती पिवळट-पांढरी, लांबट असते आणि कातडीजवळ पळते. कण केसाला चिकटलेला, चिमटीत धरून ओढला तरी सरकत नसेल तर लीख. फुंकर मारताच उडाला तर कोंडा. आणि पार्श्वभागाच्या केसांवर काळसर-करडे, मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक कण दिसले तर ते केसांवर राहणारे किडे, किरोडिस्कॉइडिस. त्यांनी खाज कमी येते, खरजेसारखा त्रास नसतो.

गिनीपिगच्या उवा माणसाच्या डोक्यात होत नाहीत. उपचार खरजेसारखेच, पुन्हा डोस द्यायचा नियमही तोच. फक्त एक: कुत्र्या-मांजरांसाठीचे फिप्रोनिलचे फवारे किंवा थेंब या प्राण्यांवर वापरू नका. टी-ट्री तेलही नको.

तळपाय लाल झालेत, एका टाचेवर काळी खपली आहे. काढून टाकू का?

मुळीच नाही. खपली ओढली की जखम उघडते आणि आतला संसर्ग हाडाकडे जायला वाट मिळते. याचं कारण बहुतेक पिंजऱ्याच्या तळाशी असतं: जाळीची फरशी, ओलं अंथरूण, नाहीतर वजन. लाल पण अखंड कातडी असेल तर फरशी बदलून दोन-तीन आठवड्यांत सुधारते. जाळी काढा, पाणी खाली ओढून घेणारा थर आणि वर जाड मऊ फ्लीस किंवा गवत घाला. बसायच्या कोपऱ्यावर हात दाबून बघा. हाताला ओल लागली तर त्याच्या पायांनाही लागतेय.

सूज, खपली किंवा व्रण असेल तर डॉक्टर हवेतच. संसर्ग बहुधा स्टॅफिलोकोकस जंतूचा असतो, आणि आठवडे नव्हे तर महिने चालू शकतो. खोल असेल तर एक्स-रे काढून हाड बघतात. घरी पाय धुवायला सांगितले असतील तर २ टक्के क्लोरहेक्सिडिनचं साधं द्रावण ५ मिलिलिटर आणि कोमट पाणी १९५ मिलिलिटर, म्हणजे ०.०५ टक्के. बाटलीवर 'स्पिरिट' किंवा 'हँडवॉश' लिहिलेलं असेल तर ते नको. पाच मिनिटं पाय बुडवा, टिपून कोरडे करा. चोळू नका.

कातडी कोरडी, केस राठ, जखम भरत नाही. क जीवनसत्त्वाचे थेंब रोज पाण्यात घालते, तरी हे का?

कारण ते थेंब त्याच्या पोटात फारसे जात नाहीत. हे जीवनसत्त्व पाण्यात, उजेडात भराभर विघटित होतं, चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो, आणि कोण किती प्यायलं ते आपल्याला कळत नाही. माणसासारखाच गिनीपिगही ते स्वतःच्या शरीरात बनवू शकत नाही. १९०७ मध्ये अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांनी नॉर्वेत गिनीपिगला नुसतं धान्य खायला घालून स्कर्व्ही होते हे दाखवलं, तेव्हा या जीवनसत्त्वाचं नावही ठरलेलं नव्हतं.

तंदुरुस्त प्राण्याला किलोला रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारात आणि गाभणपणी वरच्या अंगाला. लाल ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १२० ते १३० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १५-२० ग्रॅमची एक फोड रोजची गरज भागवते. पेलेटच्या, म्हणजे तयार दाणेदार खाद्याच्या, पाकिटावर उत्पादनाची तारीख बघा. तीन महिन्यांपुढे त्यातलं क जीवनसत्त्व बरंच गेलेलं असतं, म्हणून मोठी पोती घेऊन साठवण्यात फायदा नाही. पूरक द्यायचंच तर नुसतं क द्या, सिरिंजने तोंडात. अनेक जीवनसत्त्वांची गोळी नको, त्यातलं अ आणि ड जास्त होतं. आणि हिरड्यांतून रक्त, सांधे सुजणं, चालताना लंगडणं दिसलं तर फोडीवर अवलंबून न राहता डॉक्टरांकडे जा.

हनुवटीखाली गाठ आली आहे. घरात मुलाचं उरलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन सिरप आहे. किती द्यावं?

एक थेंबही देऊ नका. पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही तोंडावाटे गेली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो आणि त्याच्या विषाने प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. यातलं एखादं प्रतिजैविक असलेलं मलम चाटलं गेलं तरी धोका तोच. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाचं नावही वाचून घ्या, विचारायला लाजू नका.

जबड्याखालची गाठ बरेचदा स्ट्रेप्टोकोकसने पिकलेली लसिकाग्रंथी असते. आतला पू घट्ट, लोण्यासारखा, दाबून निघत नाही. दाबलं तर पिशवी आतच फुटते. ती सहसा आवरणासकट काढावी लागते. दातांचं मूळही याच जागी पिकतं, म्हणून कवटीचा एक्स-रे सोबत होऊ द्या. कमरेवर, शेपटीच्या जागेजवळ येणारी, हलणारी, करड्या लगद्याची गाठ बहुधा केसांच्या मुळांची साधी गाठ असते. ती घाईची नाही, पण फुटून चिघळण्याआधी काढलेली सोपी.

नराच्या पार्श्वभागावर चिकट, तपकिरी, वास येणारा थर जमतो.

शेपूट असती तर तिच्या किंचित वर एक तेलग्रंथी असते, मोठ्या नरांत ती जास्त पाझरते. खोबरेल तेलाची दोन बोटं चोळा, पाच मिनिटं थांबा, थर सैल झाला की प्राण्यांसाठीच्या सौम्य शाम्पूने तेवढीच जागा धुवा आणि पूर्ण कोरडी करा. महिन्यातून एकदा पुरे. थराखाली कातडी लाल किंवा फुटलेली दिसली तर तेल न लावता दाखवून घ्या, आणि त्याच वेळी गुदद्वाराजवळची घडीही उघडून बघायला सांगा. म्हाताऱ्या नरांत तिथे विष्ठा अडकून राहते, आणि मालक मात्र वासाचा दोष ग्रंथीला देत बसतात.